चाळीस ढाप्यांचा पत्ता

एक

भीमा नदीवरच्या चिंचटाकळीच्या बंधाऱ्याचं एक टोक शिरूर तालुक्यात आहे आणि दुसरं दौंड तालुक्यात. त्यामुळे तिथं काहीही बिघडलं की पहिला तास चूक कुठल्या तालुक्याची हे ठरवण्यात जातो. पावसाळाभर बंधाऱ्याच्या मोऱ्या उघड्या असतात. ऑक्टोबरात त्यांच्या खाचांत लोखंडी ढापे सोडले की पाणी अडतं. ढापा म्हणजे पुरुषभर लांब, हातभर रुंद असा जाड पत्रा. ढापे वेळेत पडले नाहीत तर नदी सरळ निघून जाते आणि दोन्ही काठांची गावं उन्हाळाभर एकमेकांना शिव्या देत बसतात.

तर ढापे सोडायच्या आदल्या दिवशी, सकाळी आठ वाजता, पाणीवापर संस्थेचा शिपाई हनुमंत गोदामावर गेला आणि ओरडतच गावात परत आला. लोखंडी दाराची कडी गॅसनं कापलेली. आतले चाळीसच्या चाळीस ढापे गायब. आणि उंबऱ्याशी हर्षदा थोरातचा गॅसचा संच पडलेला: ऑक्सिजनचा काळा सिलिंडर, ॲसिटिलीनचा डाळिंबी सिलिंडर, नळ्या आणि कटर.

साडेआठला हर्षदाचा फोन दौंडला भिमाजी कोकऱ्यांना गेला. "आप्पा, गावानं माझ्या दुकानाला कुलूप ठोकलंय. असाल तसे या."

भिमाजी आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं हातात गॅसची ज्योत. दौंडात अजून सांगतात, की एकदा त्यांनी चालत्या मालगाडीची लोंबती साखळी गाडी न थांबवता कापली आणि त्याच ज्योतीवर गार्डाला चहा करून दिला. गार्ड अजून हयात आहे. चहात साखर कमी होती, एवढीच त्याची तक्रार. हर्षदा पाबळहून वेल्डिंग शिकून आली तेव्हा तिचा हात पक्का केला तो आप्पांनी, आणि चिंचटाकळीच्या ग्रामपंचायतीपुढं शब्द टाकून तिला गाळा मिळवून दिला तोही आप्पांनीच. आता त्या गाळ्याला कुलूप होतं, म्हणजे आप्पांच्या शब्दालाही होतं.

दुखरा गुडघा ओढत आप्पा बंधारा ओलांडून गोदामावर पोचले. पोलीस जमादारांनी त्यांच्यापुढं एक प्लास्टिकची पिशवी धरली. "हात लावू नका, पुरावा हाय. नुसतं बघा."

पिशवीत दारातून कापून काढलेला तळहाताएवढा तुकडा होता. त्याला कडी तशीच, कडीला कुलूप तसंच, जमादारांनी चौकटीतून उपसलेल्या कोयंड्यासकट. आप्पांनी पिशवी डोळ्यांशी नेली. कापाची कड वाकडीतिकडी, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी. कडीच्या अंगानं काहीतरी टोचून प्लास्टिकला दोन भोकं पडली होती.

"ह्यो काप हर्षदाचा न्हाई," आप्पा म्हणाले. "तिचा काप म्हंजी सुरीनं खरवस कापल्यावानी."

"मग मुद्दाम वाकडा कापला आसंल," मागून आवाज आला.

आवाज हौसराव गव्हाण्यांचा, संस्थेच्या चेअरमनचा. आप्पांनी वळून पाहिलं आणि क्षणभर माणूसच ओळखू येईना. हौसरावांची मिशी पंचक्रोशीत प्रसिद्ध. दोन्ही टोकांवर लिंबू ठेवून ते ट्रॅक्टर चालवत, असं लोक सांगत. ती मिशी साफ गायब होती.

"चेअरमन, मिशी?"

"शपथ घेतली, आप्पा. ढापे मिळंपातूर मिशी ठेवणार न्हाई."

गर्दी हळहळली. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. हौसरावांनी हर्षदाच्या गाळ्याची किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि कोपरीच्या खिशात टाकली.

"गावात गॅस चालवणारं माणूस एकच. पाच वाजता चावडीवर बैठक हाय. तवर ढाप्यांचा पत्ता लागला तर ठीक. न्हाईतर गाळा खाली, आन् पुढचं जमादार बघतील."

घड्याळात दहा वाजत होते.

दोन

आप्पा गोदामात शिरले. आत रिकामी जमीन, कोपऱ्यात एक गोणपाट आणि गोणपाटावर व्यालेली कुत्री. खिडकीची फाटकी जाळी तिची ये-जा सांगत होती. पाच पिल्लं डोळे उघडून आप्पांकडं बघत होती, आणि एकानं तर त्यांच्या चपलेचा अंगठाच धरला.

"ढापे कुठं रचलेले असायचे?" आप्पांनी हनुमंतला विचारलं.

"त्या कोपऱ्यात. जिथं कुत्री हाय तिथं."

छतावरून काळी जळमटं लोंबत होती. आप्पांच्या डोक्यावर एक पडलं. ते झटकताना हात काळाकुट्ट झाला आणि आप्पा आणखी वैतागले. हर्षदाचा संच इथं आला कसा, हे तरी सोपं होतं. ती आठवडाभर गोदामाशेजारच्याच संस्थेच्या पंपघराचे पाइप जोडत होती. रोजचं काम संपलं की संच पंपघराच्या ओसरीवर साखळीनं बांधून जायची. साखळीला कुलूप कसलं, नुसती तारेची गाठ. ती काम करताना निम्मं गाव बघत बसायचं आणि चेअरमन तर खुर्ची टाकून बसायचे.

"हनुमंता, गोदामाची किल्ली कुणाकुणाकडं?"

"एक चेअरमनच्या करगोट्याला, एक माझ्याकडं. पर आप्पा, किल्ली आसलेला माणूस कडी कशाला कापंल?"

आप्पांनी दुसराच प्रश्न काढला. "काल कुठं होतास?"

"यवतला, भैनीकडं. सकाळच्या गाडीनं आलो." हनुमंतनं टोपीतून एसटीचं तिकीट काढून दाखवलं. असली माणसं तिकीट फेकत नाहीत. आप्पांना तर वाटलं, त्याच्या टोपीत पहिलीपासूनची सगळी तिकिटं असावीत.

"ढापे शेवटचे कवा बघितलेस?"

"उन्हाळ्यात काढून ठेवले तवा. चेअरमन म्हणाले, आत जायची गरज न्हाई, मी बघतो. आन् खरंच, मी कशाला जाऊ? ढापे काय चारा खात्यात?"

आप्पा बाहेर आले. हर्षदा आपल्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरकडं बघत उभी होती. जमादारांनी तो जीपमध्ये आडवा टाकला होता.

"निदान उभा तरी करा हो," ती म्हणत होती. "आत पातळ औषध असतंय, त्यात गॅस मुरवलेला असतो. आडवा टाकला की ते तोंडाशी येतं."

"पुरावा बसून न्हेऊ का उभा, ते पोलीस ठरवतील," जमादार म्हणाले आणि निघून गेले.

"चोरानं पण आडवाच टाकला व्हता," हर्षदा पुटपुटली. "त्यालाबी अक्कल न्हाई, ह्यालाबी न्हाई."

तीन

चोरलेलं लोखंड पचवायचं म्हणजे भंगारवाला हवा, आणि ह्या भागात एवढं लोखंड पचवणारा एकच, शिक्रापूरचा सतीश. हर्षदानं स्कूटर काढली, आप्पा मागं बसले.

शिक्रापूरच्या चौकात त्यांचा एक तास गेला. पुढं कंटेनर, मागं ट्रेलर, बाजूला कंपनीची बस. आप्पांच्या हिशेबानं त्या तासात ते अकरा पावलं पुढं गेले आणि त्यातली दोन परत मागं आले. ऊन डोक्यावर, गुडघा ठणकत, आणि पाच वाजायला जणू कुणी मागून ढकलत होतं.

वैतागाच्या भरात आप्पांच्या तोंडून गेलं, "पोरी, खरं सांग. तू कुणाला संच दिला तर नव्हतास?"

हर्षदानं आरशातून त्यांच्याकडं बघितलं. "गावानं विचारलं तवा राग आला न्हाई, आप्पा. गाव कायबी विचारतं. तुमीसुदा?"

मग तिनं आरसाच दुसरीकडं फिरवला, आणि आप्पांना कंटेनरचे हॉर्न बरे वाटू लागले.

सतीश गंजलेल्या पत्र्यांच्या डोंगरावर छत्री लावून बसला होता. प्रश्न ऐकून तो खो खो हसला.

"आप्पा, ढाप्यावर सरकारी नंबर कोरलेला आसतो. म्या घेतला तर तिसऱ्या दिवशी मीच भंगारात. आन् चाळीस ढापे म्हंजी टेम्पो लागंल, आठ-धा गडी लागतील. गोदामाच्या रस्त्याला परवाच्या पावसाचा चिखल हाय ना? टेम्पोच्या चाकोऱ्या बघितल्या का?"

आप्पांनी सकाळचा चिखल आठवला. त्या चिखलातून ते स्वतः पाय उपसत गेले होते. माणसांच्या चपला होत्या, जमादारांच्या जीपची एक चाकोरी होती. टेम्पोची नव्हती.

"येड्यावानी हितवर आलो," आप्पा कपाळावर हात मारत म्हणाले. "जे बघायचं ते पायाखाली व्हतं."

परत निघताना हर्षदानं आरसा जागेवर आणला. "टेम्पो आला न्हाई, तर ढापे गेले कशावरून?"



चार

चिंचटाकळीच्या फाट्यावर दत्ताचं सलून आहे. चार वाजले होते. चावडीवर आबरू जायचीच असेल तर निदान दाढी करून जावी, म्हणून आप्पा खुर्चीत बसले. हर्षदा बाहेर बाकावर. दत्तानं साबण लावला आणि त्याच्याबरोबर त्याचं तोंडही सुरू झालं.

"चेअरमनची मिशी ह्याच खुर्चीत उतरवली बघा. सकाळी सहाला दार वाजवलं, तोंडाला टॉवेल बांधलेला. म्हणाले, दत्ता, ढापे गेले, आता मिशी कशाला? उतरव. आन् गंमत बघा, चेअरमनची मिशी म्हंजी सरळ तार. पर खाली पडले ते केस समदे कुरळे, करपल्यावानी. दुःखानं केस पांढरे झालेले ऐकलेत. कुरळे झालेले पहिल्यांदा बघितले!"

आप्पांच्या एका गालाची दाढी झाली होती. समोरच्या आरशात दुकानाचं दार दिसत होतं, आणि दाराची कडी. आरशात ती उलट्या बाजूला होती. आप्पा त्या कडीकडं बघत राहिले. बाहेरची बाजू, आतली बाजू. मग त्यांना जमादारांच्या पिशवीची दोन भोकं आठवली, आणि ती कुठल्या अंगाला होती तेही.

"पस्तीस वर्षं," आप्पा दात आवळून म्हणाले, "पस्तीस वर्षं गॅस हाताळला, आन् हे दिसलं न्हाई मला! घातली समदी अक्कल चुलीत!"

"काय म्हणालात?"

"काय न्हाई. दत्ता, तुझ्या दुकानामागं ऊस कुणाचा?"

"चेअरमनचाच. जुलैची लागण."

खिडकीतून ऊस दिसत होता. छातीएवढा, हिरवागार. मात्र मधून दोन पट्टे गेले होते, जेमतेम गुडघ्याएवढे, पिवळे पडलेले. रस्त्यापासून आतपर्यंत सरळ, एकमेकांपासून सारख्या अंतरावर.

"त्याला काय झालं?"

"किडा लागलाय म्हणत्यात चेअरमन."

"किडा दोरी लावून चालतो व्हय रे?"

"आता ते किड्याला इचारा. मे महिन्यात हितंच त्यांच्या तेजश्रीच्या लग्नाचा मांडव व्हता. काय थाट, आप्पा! आदल्या दिवशी वळीव कोसळला, ह्या काळ्या रानात बैल रुतावा असा चिखल. पर पुण्याच्या पाव्हण्यांच्या पन्नास गाड्या मांडवापातूर आल्या, एक रुतली न्हाई. देवाची करणी!"

आप्पा खुर्चीतून उठले. गळ्यात फडकं, एका गालावर साबण.

"आवो, अर्धी राहिली!" दत्ता ओरडला.

"राहू दे! हर्षदा, चावडीवर चल. आन् दत्ता, तूबी चल, दुकान काय पळून जात न्हाई!"

पाच

चावडीवर अख्खं गाव जमलं होतं. आप्पांचा साबण लावलेला गाल बघून पोरंटोरं हसली. हौसराव मध्ये बसले होते, मिशीच्या जागी हात ठेवून.

"ढापे घावले का, आप्पा?"

"आधी चोर सांगतो. जमादार, ती पिशवी द्या." आप्पांनी तुकडा बाहेर काढला. "हात फिरवा. कडीच्या बाजूला लोखंडाचे गोठलेले थेंब हायेत का न्हाई? त्यांनीच तुमची पिशवी फाडली. मागली बाजू गुळगुळीत. हर्षदा, लोखंड कापताना थेंब कुठं जमत्यात?"

"ज्योतीच्या पलीकडं," हर्षदा म्हणाली. "कापणाऱ्याच्या बाजूला कवाच न्हाई." आणि एकदम तिचे डोळे मोठे झाले.

"कडी दाराच्या बाहेरून असती. थेंब कडीच्या बाजूला, म्हंजी ज्योत आतून आली. चोर आत उभा राहून कापत व्हता. का, तर गोदाम रस्त्यालगत, पहाटे दुधाच्या गाड्या जात्यात, उजेड कुणाला दिसू नये. मग तुकडा बाहेर पडला, तो कोयंड्यात अडकवला आन् कुलूप घातलं. आता सांगा, कडी न कापता आत शिरणारा कोण?"

"किल्लीवाला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हनुमंतकडं पाहिलं. हनुमंतनं टोपी काढून तिकीट उंच धरलं.

"तो यवतला व्हता," आप्पा म्हणाले. "राहिली एक किल्ली."

"आप्पा, तोंड सांभाळा!" हौसराव उठले. "मला गॅस कुठं चालवता येतो?"

"न्हाईच येत. त्येच तर सांगतोय. ॲसिटिलीन पेटवला की लगोलग बेतानं ऑक्सिजन सोडायचा असतो. निस्ता पेटवून चाचपडत बसलं की धूर न्हाई, काजळीच उडती, लांब लांब धाग्यांची. ती गोदामाच्या छताला लोंबतीय. मी तिला जळमटं समजलो, एवढा मी शहाणा! मग कुणीतरी घाबरून ऑक्सिजन एकदम सोडला, ज्योत फटकन उलटली आन् तोंडावर आली. दत्ता, चेअरमनची मिशी किती वाजता उतरवलीस?"

"सहाला," दत्ता म्हणाला, आणि मग त्याला आपण काय म्हणालो ते कळलं. "आन् केस करपलेले व्हते."

"ढापे गेल्याचं हनुमंतला कळलं आठाला. चेअरमनला सहाला कसं कळलं?"

हौसरावांचा हात ओठावरून हलेना. तरी त्यांनी एक शेवटचा जोर लावला.

"आन् ढापे? चाळीस ढापे काय म्या गिळले?"

"तुमी न्हाई, तुमच्या रानानं. चिखलात टेम्पोची चाकोरी न्हाई, कारण कालच्याला कायबी गेलंच न्हाई. ढाप्यांच्या जागी कुत्री व्यालीय, पिल्लांचे डोळे उघडल्यात. ढाप्यांवर पिल्लं झाली व्हती का? ढापे मे महिन्यातच गेले. उसात चाकांच्या अंतरानं दोन पट्टे खुरटल्यात. पुण्याच्या गाड्या देवानं न्हाई उचलल्या, चेअरमन. त्या बंधाऱ्याच्या ढाप्यांवरून गेल्या."

हौसरावांनी ओठावरचा हात काढला.

"पोरीच्या सासरची माणसं मोठी," ते म्हणाले. आवाज मिशीएवढाच उरला होता. "त्यांच्या गाड्या चिखलात रुतल्या असत्या तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. दोन दिसांसाठी आंथरले. पर गाड्यांच्या वजनानं ढापे खाली, वर चिखल. वाळल्यावर काढू म्हणलं, तर वाळल्यावर पहार शिरंना. मग पाऊस. नांगराचे दोन फाळ मोडले. लोक इचारायला लागले, म्हणून हातानं वरवर ऊस लावला. उद्या ढापे सोडायचे म्हणल्यावर... हर्षदावर यावं असं मनात नव्हतं हो, संच परत ठेवायच्या आत उजाडलं. मला वाटलं, तुमी दौंडकडच्यांवर घ्याल."

ह्यावर दौंडकडून आलेला एकमेव माणूस, म्हणजे आप्पा, गालावरचा वाळलेला साबण खरवडू लागले.

हौसरावांनी खिशातून किल्ली काढली आणि हर्षदापुढं धरली. "घे पोरी. गाळा तुझा हाय."

हर्षदानं हात मागं घेतला. "राहू द्या तुमच्याजवळच," म्हणाली आणि निघून गेली.

सहा

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावानं हौसरावांचा ऊस उपटला आणि ढापे उकरले. सगळे निघाले, पण गाड्यांखाली पिचून पापडासारखे वाकलेले. एकही बंधाऱ्याच्या खाचेत जाईना. ठोकून बघितले तर जास्तच वाकले. गाव पुन्हा हर्षदाच्या दारात आलं, कारण वाकलेलं लोखंड तापवून सरळ करणारं माणूसही गावात एकच होतं.

"करते," ती म्हणाली. "पर सिलिंडर जमादारांनी आडवा न्हेला व्हता. तो उभा करा आन् थांबा."

"कितीक?"

"दुपारपातूर. तवर त्याला हात लावायचा न्हाई."

चाळीस पावलांवर नदी वाहून चाललेली, आणि सगळं गाव एका उभ्या सिलिंडरकडं बघत बसलं. चिंचटाकळीत इतका वैताग आधी कधी जमा झाला नव्हता. एकानं तर सिलिंडरला नमस्कार करून पाहिला.

दुपारी आप्पांनी मान डोलावली. तापवायचं नोझल गाळ्यात होतं. हौसराव पुन्हा किल्ली घेऊन पुढं झाले. हर्षदानं त्यांना हातानंच बाजूला केलं, चष्मा चढवला, कटर पेटवला. काजळीचा एक धागा उडाला नाही. ज्योत निळी झाली आणि तिनं आपल्याच गाळ्याच्या दाराची कडी बाहेरून कापली, सुरीनं खरवस कापावा तशी. तुकडा गार झाल्यावर तिनं तो कोयंड्यासकट उपसून हौसरावांच्या हातात दिला.

"हात फिरवा, चेअरमन. कडीची बाजू गुळगुळीत, थेंब आतल्या बाजूला. बाहेरून कापणं ह्याला म्हणत्यात."

मग तिसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत ती ढापा तापवायची आणि हौसराव त्यावर बादलीनं पाणी ओतायचे. प्रत्येक ढापा चर्रर्र करत सरळ व्हायचा. चाळिसावा खाचेत उतरला तेव्हा नदी थबकली.

ढापे मिळाले, म्हणजे शपथ सुटली. हौसरावांनी मिशी पुन्हा वाढवली आहे, पण डावी बाजू काही केल्या भरत नाही. हर्षदानं गाळ्याला नवी कडी बसवलेली नाही. दारात तळहाताएवढं भोक तसंच आहे. चेअरमन रोज त्याच्यासमोरून जातात, आणि तिथं आले की त्यांचा हात आपोआप डाव्या ओठाकडं जातो.